माळावरील शाळा

गेल्या वैशाखात आम्ही आमच्या आठ वर्षांच्या नातवास घेऊन आठ दिवस गावी राहिलो. पहिल्याच रात्री अंगणात बाजेवर पडलो असता माळाकडून टिटवी ओरडत गेली. नातू ताडकन् उठून बसला आणि म्हणाला, "आजोबा, कोणाचा तरी मोबाईल वाजतो आहे." घरातील मंडळी हसली, आम्हीही हसलो. परंतु पुढे बराच वेळ आम्हांस झोप आली नाही. जो आवाज ऐकत आमचे बालपण गेले, तो आमच्याच नातवास एखाद्या यंत्राचा वाटावा, ह्यात त्या मुलाचा दोष काय? दोष असलाच तर तो ज्यांनी त्यास हा आवाज कधी ऐकविला नाही त्यांचा, म्हणजे आमचा होय. त्या रात्रीपासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. पशुपक्ष्यांविषयीची आवड मनुष्यात येते कोठून? ती पुस्तकाने येते, शाळेने येते, की आणखी कशाने? ह्या प्रश्नाचा विचार करिताना आमच्या हातून घडलेल्या दोन चुका आठवल्या. त्या सांगितल्यावाचून ह्या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, म्हणून त्यांसह लिहीत आहो.

आमचे गाव आटपाडी तालुक्यात, माडगुळ्यापासून चार कोसांवर. पूर्वी हा मुलूख औंध संस्थानात होता. १९४९ साली तो दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. माणगंगा नावाची नदी, पण तिला पाणी पावसाळ्यातले चार दिवस. बाकी चोहोकडे कुसळी गवताचा माळ, बाभळी, बोरी आणि मेंढरांचे कळप. आमचे घराणे वृत्तीने कुलकर्ण्यांचे. वृत्ती गेली तरी वाडा, विहीर आणि थोडी जिराईत उरली होती. आमचे आजोबा, ज्यांस आम्ही आबा म्हणत असू, ते रोज पहाटे माळावर जात आणि आम्हांस बरोबर नेत. ते फारसे काही शिकवीत नसत. मध्येच थांबत, काठीने एखादी जागा दाखवीत आणि पुढे चालू लागत. एके ठिकाणी सशाच्या लेंड्या, दुसरीकडे खोकडाचे बीळ, तिसरीकडे चंडोलाचे घरटे. नाव विचारले तर सांगत. विचारले नाही तर सांगत नसत.

१९६७ सालच्या चैत्रात, आमच्या वयाच्या नवव्या वर्षी, त्यांनी आम्हांस टिटवीची अंडी दाखविली. घरटे असे नव्हतेच. खड्यांमध्ये एक उथळ खळगा आणि त्यात चार अंडी, टोके आत केलेली, खड्यांच्याच रंगाची. आबांनी काठी रोखून धरली होती तरी ती आम्हांस दिसेनात. दिसली तेव्हा वाटले की माळ आमच्याशी काही गुपित बोलला. त्याच दुपारी, सगळी मंडळी वामकुक्षी घेत असता, आम्ही एकटेच माळावर गेलो आणि ती चारही अंडी टोपीत घालून घरी आणली. गोठ्यातील कडब्यात ती ठेवली. पिल्ले निघतील, ती आपली होतील, असा आमचा हिशेब होता.

तिसऱ्या प्रहरी आबांस ते कळले. आम्ही मार खाण्याच्या तयारीने उभे राहिलो. त्यांनी हात उगारला नाही. टोपी आमच्याच हाती देऊन ते आम्हांस माळावर घेऊन गेले. अंडी जागच्या जागी ठेवविली, आणि शंभर पावलांवर एका बोरीच्या आडोशाला स्वतः बसून आम्हांस जवळ बसविले. दोन्ही पक्षी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडत होते. सूर्य मावळला. आम्ही म्हणालो, "आबा, घरी जाऊ." ते म्हणाले, "थांब. तिचे झालेले नाही." पूर्ण अंधार पडेपर्यंत आम्ही तो आक्रोश ऐकत बसलो. पुढे आठवडाभर रोज जाऊन पाहिले. टिटवी एकदोनदा जवळ आली, पण बसली नाही. ती अंडी फुटली नाहीत. त्या विषयावर आबा पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत. आज अठ्ठावन्न वर्षे झाली, तरी टिटवी ओरडली की आमच्या कानांस प्रथम तो दिवस ऐकू येतो.

वाड्यामागील विहिरीवर तीन बाभळी ओणवल्या होत्या. पावसाळा लागला की त्यांच्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लटकत. लोक सुगरण म्हणून मादीस मान देतात. वस्तुतः विणणारा नर असतो. गवताच्या आणि बाजरीच्या पात्यांच्या चिंध्या आणून तो अर्धा खोपा विणतो आणि तेथे पंख फडफडवीत मादीची वाट पाहतो. मादी येते, आत डोकावते, मनास आला तर राहते. नाही तर निघून जाते. मग तो बिचारा दुसरा खोपा आरंभितो. हे आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचण्यापूर्वी विहिरीच्या काठावर पोटावर पडून पाहिले होते. आजी वरून ओरडे, "अरे, पडशील आत!" पण उठवून मात्र नेत नसे.

माळावर धनगरांची वस्ती असे. एकदा रात्री लांडग्याने एक कोकरू नेले. सकाळी आबा चौकशीस गेले तेव्हा आम्ही बरोबर होतो. म्हातारा धनगर चिलीम ओढीत म्हणाला, "न्हेलं, मालक. त्योबी पोटासाठीच फिरतुया. वरसाला एकादं त्याच्या वाट्याचं धरूनच चालायचं." त्याचे नुकसान झाले होते आणि त्याला त्याचे दुःख होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. परंतु लांडगा हा शत्रू आहे, त्यास जगण्याचा अधिकार नाही, असे त्यास वाटत नव्हते. आज लांडग्यास कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. तथापि १९७२ चा कायदा होण्यापूर्वी आमच्या माणदेशात लांडगा ज्याच्या जोरावर टिकला, त्यात ह्या अशिक्षित म्हाताऱ्याच्या हिशेबाचाही वाटा असला पाहिजे.

आमचे आजोळ वाईचे. सुट्टीत तेथे गेलो की मामा आम्हांकडून अमरकोश पाठ करवून घेत. पुढे १९७५ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षे तेथेच राहून आम्ही संस्कृताचे अध्ययन केले. अमरकोशाच्या दुसऱ्या काण्डातील सिंहादिवर्गात पशुपक्ष्यांची नावे आहेत. बरोबरचे विद्यार्थी ती नावे घोकीत आणि विसरत. आम्हांस ती घोकावी लागली नाहीत. टिट्टिभ म्हटला की आमचा माळ उभा राही. खंजरीट म्हणजे थंडीत नदीच्या वाळूत शेपूट हलवीत फिरणारा धोबी. चाष म्हणजे तारेवर बसणारा आणि उडताच निळाईची उधळण करणारा तास पक्षी. चातकाविषयी कवींनी पुष्कळ लिहिले आहे. तो मेघाचेच पाणी पितो ही कल्पना झाली. पण तो पावसाचा दूत आहे ही कल्पना नव्हे. आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून तो पावसाच्या वाऱ्यांबरोबर आपल्याकडे येतो, आणि सातभाईच्या घरट्यात आपले अंडे घालून तिच्याकडून पिल्लू वाढवून घेतो. ज्या प्राचीनांनी त्यास मेघाशी जोडले त्यांनी ग्रंथ पाहण्यापूर्वी आकाश पाहिले होते, हे उघड आहे. शब्द आधी आणि वस्तू मागाहून, असा क्रम आमच्या शिक्षणात पडला आहे. तो उलटा असता तर किती बरे झाले असते!

आता आजीविषयी. १९७२ च्या दुष्काळात आम्ही चौदा वर्षांचे होतो. विहीर आटली. गावातील सर्व जातींची माणसे खडी फोडावयास जात. शाळेत मुलांस सुकडी मिळे. पाण्याचा टँकर येई तेव्हा घागरींची रांग वेशीपर्यंत लागे. घरात माणशी पाणी मोजून होते. आबांच्या स्नानासही एकच तांब्या. अशा दिवसांत आजी रोज सकाळी मातीच्या परळात तांब्याभर पाणी ओतून ते तुळशीवृंदावनामागे ठेवी. एके दिवशी आमच्या काकांस ते सहन झाले नाही. ते म्हणाले, "आई, इथे लेकरांना पाणी पुरत नाही आणि तू कावळ्यांना पाजतेस?" आजी म्हणाली, "माझ्या वाट्याचे घालते. तुझ्या लेकरांचे नाही." ती खरोखरच आपल्या वाट्याचे घालीत होती, तिचे ओठ फुटलेले आम्ही पाहत होतो. प्रथम कावळे आले, मग चिमण्या, साळुंक्या, होले. एका दुपारी एक तितर भर अंगणातून चालत आला आणि आम्ही सारे पाहत असता पाणी पिऊन गेला. काका पुढे काही बोलले नाहीत.

शास्त्रात गृहस्थास जे पाच महायज्ञ सांगितले आहेत त्यांत भूतयज्ञ एक आहे. आपल्या घरांत वैश्वदेव, गोग्रास, काकबळी हे अजून कोठे कोठे चालते. पुष्कळ ठिकाणी ताटाभोवतीच्या चित्राहुतीपुरतेच ते उरले आहे. आजीस भूतयज्ञ हा शब्द ठाऊक नव्हता. आम्हांस तो पुढे वाईस कळला, तेव्हा त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

हे केवळ आमच्यापुरते असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. आमच्या शेजारच्या माडगुळ्यातच १९२७ साली व्यंकटेश माडगूळकर जन्मले. शाळेचे शिक्षण त्यांचे पुरे झाले नाही. बेचाळीसच्या चळवळीने ते अडविले. परंतु माणदेशाच्या माळाने त्यांचे डोळे आणि कान अगोदरच तयार केले होते. 'बनगरवाडी' १९५५ साली निघाली. तीत धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर जातो. आमच्या मते तो तेथे शिकवितो त्याहून अधिक शिकतो. पुढे त्याच लेखकाने वानरांच्या टोळ्यांवर 'सत्तांतर' लिहिली आणि तिला १९८३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. नागझिऱ्याच्या जंगलात राहून त्यांनी त्या जंगलावर पुस्तक लिहिले. वानर पाहणारे हे डोळे आणि मेंढरे पाहणारे ते डोळे निराळे नव्हेत. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली ह्यांचेही तसेच. वनखात्यात त्यांचे आयुष्य गेले; परंतु रानाची पहिली ओळख आईकडून आणि मामांकडून झाली. ते पुढे संस्कृत शिकले आणि हंसदेवाचे 'मृगपक्षिशास्त्र' त्यांनी मराठीत आणले. २०२५ साली पद्मश्री मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच वर्षीच्या जून महिन्यात ते गेले.

कित्येकांस वाटेल की हे लेखकांचे झाले. सामान्य मनुष्याच्या हातून काय होणार? त्यांनी सागरेश्वर पाहावे. यशवंतराव चव्हाण ज्या देवराष्ट्रे गावी जन्मले त्याच्या जवळचे हे डोंगर एके काळी उजाड झाले होते. मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते ह्या वृक्षमित्राने तेथे झाडांचा ध्यास घेतला. झाडे वाढली, हरणे, सांबरे सोडण्यात आली, आणि १९८५ साली जेमतेम अकरा चौरस किलोमीटरांचे ते रान अभयारण्य ठरले. मनुष्याने उजाड केलेले मनुष्यासच पुन्हा उभे करता येते, ह्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात असता ते आपल्या मुलांस न दाखविणे हा करंटेपणा होय.

परदेशातील एक मास्तर आमच्या विशेष आवडीचा आहे. फ्रान्समधील झां-आन्री फाब्र, १८२३ ते १९१५. लहानपणी हा आजी-आजोबांच्या खेड्यात, गुराढोरांत वाढला. पुढे वयाच्या विशीच्या आतच शाळामास्तर झाला. एकदा तो मुलांस जमीन मोजण्याचे शिक्षण देण्यासाठी माळावर घेऊन गेला असता मुलांचे लक्ष मोजणीत लागेना. ती वाकून गोटे उचलीत होती. त्याने चौकशी केली तेव्हा कळले की एक काळी रानमाशी त्या गोट्यांवर मातीची घरे बांधते आणि त्यांतील मध ही मुले गवताच्या काडीने चोखतात. मास्तरास त्या माशीची काहीच माहिती नव्हती. त्याने मोजणी बाजूस ठेवली, मुलांबरोबर काडी हातात घेतली आणि पुढे सारे आयुष्य कीटकांच्या अभ्यासात घालविले.

ही गोष्ट आम्ही जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा आमची मान खाली जाते. कारण तसाच प्रसंग आमच्यावर आला असता आम्ही निराळे वागलो. ही आमची दुसरी चूक.

१९८८ सालची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका शाळेत आम्ही संस्कृत शिकवीत होतो. एप्रिल महिना, सकाळची शाळा, वार्षिक परीक्षा तोंडावर. आठवीतील एक मुलगा तीन दिवस उशिरा आला. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा पाय चिखलाने भरलेले. आम्ही त्याची वही मागितली. पुढील पानांवर सुभाषिते अर्धवट उतरविलेली. मागील पानांवर नदीच्या दरडीचे चित्र, तीत ओळीने भोके, आणि प्रत्येक भोकापुढे रेघा. वर्गासमोर आम्ही ती पाने फाडली आणि त्याच्या हातावर दोन छड्या मारल्या. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, "सर, आज पिल्लं बाहेर येणार होती."

ती भोके वेड्या राघूंची घरे होती. हा पक्षी मऊ दरडीत लांब बीळ कोरून आत अंडी घालतो, हे आम्हांस चांगले ठाऊक होते. त्या रेघा म्हणजे पक्षी किती वेळा भक्ष्य घेऊन आत गेला ह्याची मोजणी होती, हेही फाडलेली पाने टोपलीत टाकताना आमच्या लक्षात आले. टिटवीच्या आक्रोशासमोर ज्या आजोबांनी आम्हांस एक चापटही मारली नाही, त्यांचेच आम्ही नातू! तास संपल्यावर ती पाने उचलून त्यास परत द्यावी असे मनात आले. परंतु मास्तराने आपली चूक वर्गात कबूल करावी एवढे धैर्य त्या वेळी आमच्यात नव्हते. उन्हाळ्याची सुट्टी लागली. पुढील वर्षी तो आमच्या वर्गात नव्हता.

सुमारे वीस वर्षांनी औदुंबरास दर्शनास गेलो असता तो भेटला. धान्याचा व्यापार करितो. बरे चालले आहे. त्याने वाकून नमस्कार केला. आम्ही धीर करून विचारले, "पक्षी पाहतोस का अजून?" तो हसला, "कुठले सर, आता वेळ कुणाला आहे!" त्या छड्यांचा विषय आम्हीच काढला. तो म्हणाला, "मला नाही आठवत सर." आम्हांस ते खरे वाटले नाही. आणि ते खरे असेल, तर त्या रेघाही तो विसरला असणार. त्याची आम्ही क्षमा मागितली. तो संकोचला, आणि घाईने निरोप घेऊन गेला.

म्हणून आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. ही आवड शिकविता येत नाही. ती बहुतेक प्रत्येक मुलात असते. वडिलांचे काम एवढेच की तिच्या आड येऊ नये, आणि तिच्या हातून अपराध घडला तर त्या अपराधाजवळ मुलास थोडा वेळ बसवावे. आबांनी तेवढे केले. आम्ही केले नाही.

आता शेवटची गोष्ट, जी अद्याप पुरी झालेली नाही. आमच्या मुलुखात टेंभू योजनेचे पाणी आले आहे. ज्या तालुक्याने १९७२ पाहिले तेथे कृष्णेचे पाणी यावे, ह्याहून मोठा आनंद कोणता? माळ फुटून डाळिंबाच्या बागा झाल्या, पोरे पोटासाठी मुंबईला जाईनाशी झाली. हे वाईट झाले असे जो म्हणेल त्याने आजीचे फुटलेले ओठ पाहिले नाहीत. परंतु माळ गेला तसा चंडोल गेला, टिटवी बांधावर आली, हेही खरे. गेल्या वर्षी आमच्या घरात वाटणीचा विचार निघाला. पुतण्यांचे म्हणणे असे की जुनी विहीर आता निरुपयोगी आहे. ती बुजवून बाभळी काढल्या तर बागेस सलग जमीन मिळेल. त्यांचे गणित चुकीचे नव्हते. आम्ही म्हणालो की विहीर आणि तिच्यावरील तीन बाभळी आमच्या वाट्यास द्या. त्याबद्दल पाटाखालील चांगली जमीन आम्ही सोडतो. धाकटे बंधू संतापले. "दादा, चार सुगरणींसाठी तू मुलाचे नुकसान करतोस," असे म्हणून ते उठून गेले. आमच्या चिरंजीवाने कागदावर सही केली. पण ती त्याने आनंदाने केली असे आम्ही म्हणणार नाही. बंधूंचा आणि आमचा अबोला वैशाखापर्यंत टिकला. गावी गेलो तेव्हा त्यांनी नातवास जवळ घेतले, आमच्याशी मात्र कामापुरतेच बोलले. त्यांचे म्हणणे साफ चूक आहे असे आम्हांस आजही म्हणता येत नाही. विहीर मात्र उभी आहे.

तेथून निघण्याच्या आदल्या सायंकाळी आम्ही नातवास बांधावर घेऊन गेलो. टिटवी ओरडत उठली. आम्ही त्यास काही सांगितले नाही, नुसते थांबलो. बराच वेळ पाहून तो हळूच म्हणाला, "ती आपल्याला जा म्हणते आहे का?" आम्ही म्हणालो, "होय." मग आम्ही दोघे मागे फिरलो.

सांगलीस परतल्यावर त्याने आजीच्या परळाची गोष्ट आईकडून पुन्हा ऐकली आणि कुंभाराकडून तसेच परळ आणविले. आमच्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीत ते ठेवले आहे. पहिले तीन दिवस कोणीच आले नाही. चौथ्या दिवशी कावळा आला. नातू हिरमुसला, त्याची अपेक्षा तितराची होती. आम्ही त्यास सांगितले की खापरपणजीच्या परळावरही प्रथम कावळेच आले होते. तेव्हापासून तो रोज सकाळी शाळेस जाण्यापूर्वी पाणी बदलतो, आणि वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढतो. ती वही आम्ही अद्याप पाहावयास मागितलेली नाही.